टेकडीवरची जाळरेषा

“काडी विझव आधी!” सुलक्षणा ओरडली आणि पदर खोचून टेकडी चढू लागली. मागून शेजारची राधा पाण्याची कळशी घेऊन धापा टाकत आली.

मुलुंडच्या त्यांच्या चाळीमागे जंगलखात्याची टेकडी होती. शिमगा उलटला की तिथे विडी ओढायलाही बंदी. वनरक्षक भीमराजने यंदा बायकांना बजावलं होतं, “टेकडी पेटली तर सुकी लाकडं वेचणं कायमचं बंद. मग बसा रॉकेलच्या रांगेत.” चाळीतल्या बावीस चुली त्याच लाकडांवर चालायच्या. म्हणून टेकडीची राखण सुलक्षणाने स्वतःच्या अंगावर घेतली होती.

गवतात उभ्या माणसाने काडी शांतपणे विझवली. खाकी पँट, गळ्यात शिट्टी, हातात मोजपट्टी.

“बाई, आरडाओरडा कशाला? जाळरेषा काढतोय.”

“म्हणजे?”

“गवताचा एक पट्टा आधीच जाळून ठेवायचा. वणवा तिथवर आला की थांबतो. खायलाच काही मिळत नाही त्याला.”

राधा फिस्सकन हसली. “आग लागू नये म्हणून आग लावतोय! उद्या चोर म्हणेल, चोरी होऊ नये म्हणून घर रिकामं करतोय.”

सुलक्षणा मात्र हसली नाही. कोकणात तिचे वडील काजूच्या बागेभोवती असंच गवत जाळायचे.

“खात्याचे का तुम्ही?”

“वरून सांगितलंय, पावसाआधी जागा साफ हवी.”

“आणि एकटेच आलात? वारा फिरला तर? त्या भीमराजला काडीची अक्कल नाही. निदान माणसं तरी द्यायची सोबत!”

तिने हाक मारली तशा चाळीतल्या दहा बायका वर आल्या. ओली गोणपाटं आली, हिरव्या फांद्या आल्या. सुलक्षणा वाऱ्याचा अंदाज घेत थोडं थोडं गवत पेटवत गेली, बाकीच्या झोडपून विझवत गेल्या. थट्टामस्करीला तर ऊत आला होता.

“अहो, केवढा रुंद हा पट्टा!” राधा म्हणाली.

“रुंदच बरा.” त्याने मोजपट्टी आणखी पुढे ताणली. “आणि असा तुमच्या चाळीच्या नळाच्या बाजूने आणा. पाणी जवळ असलेलं बरं.”

“हे मात्र शहाण्यासारखं बोललात,” सुलक्षणा म्हणाली.

दुपारपर्यंत काळाभोर पट्टा तयार झाला. एक ठिणगी इकडची तिकडे गेली नाही. सुलक्षणाने त्याला घावणे आणि चहा दिला. तो दोनदा मागून प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमराज फेरीला आला.

“चल रे, तुझ्या खात्याचं काम बघ,” सुलक्षणा म्हणाली. “आम्ही नसतो तर वाट लागली असती.”

“कुठलं काम, ताई?”

ती तोवर ऐटीत पुढे निघालीसुद्धा होती.

काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या फक्कीने झोपडीएवढे चौकोन आखले होते. चौदा. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांत चार बांबू. कालचा माणूस एका नवराबायकोला त्यातला एक चौकोन दाखवत होता.

“जागा एकदम साफ. नळ दहा पावलांवर.” सुलक्षणा दिसताच त्याने आनंदाने हात उंचावला. “आणि शेजार बघा. एवढा मदतीचा शेजार अख्ख्या मुलुंडात मिळायचा नाही!”