पायाचे अधिकारक्षेत्र

पुलाच्या मध्यावर राज्याची हद्द दाखवणारा पांढरा पट्टा होता. तिथे रघुवीर केणींचा उजवा, यांत्रिक पाय थांबला. डावा हाडामांसाचा असल्याने पलीकडच्या राज्यात पोचला होता.

"बाबा, चला ना. बारशाला सगळे खोळंबलेत," पलीकडून त्यांची मुलगी शाल्मली म्हणाली.

"मी चालतोच आहे. गुडघा ऐकत नाही."

नाक्यावरच्या निरीक्षकबाईंनी पाय तपासला. "आरोग्य हा राज्याच्या यादीतला विषय, काका. या पायाचा परवाना इथे संपतो."

"पण मेंदूकडून येणारा संदेश?"

"संदेशवहन केंद्र सरकारच्या यादीत. तो पोचतोय, पाय मानत नाही, एवढंच."

"संसदेने यावर कायदा केला होता ना?"

"केलाय. सरकारने नियम काढले नाहीत आणि न्यायालयाने कायद्याला स्थगिती दिलीय."

केणींनी हयातभर भौतिकशास्त्र शिकवले होते. तीन बलांनी एकमेकांना तोलले की वस्तू स्थिर राहते, हे त्यांना ठाऊक होते. ती वस्तू आपण असू, हे कधी सुचले नव्हते.

"काढून हातात घेतला तर?"

"मग तो माल. मालाला देशभर मोकळीक आहे."

केणींनी कठड्याला टेकून पाय सोडवला. शाल्मलीने तो काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने वडिलांना सावरले.

"आणि मी कोणाच्या यादीत?" केणींनी गोंधळून विचारले.

निरीक्षकबाईंनी पडद्यावर बराच वेळ शोधले. "कुठल्याच नाही, काका. तुम्ही फक्त घटनेच्या उद्देशिकेत आहात, 'आम्ही, भारताचे लोक' म्हणून."

केणींनी मान डोलावली आणि लंगडी घालत हद्द ओलांडली.