पुसलेली गाणी

"आमच्या हिचं तेवढं एक गाणं काढून द्या. ती गेल्यावर तेवढंच उरलंय," खांबेटेकाका म्हणाले होते.

बंद पडलेली हार्ड डिस्क शलाकाने कशीबशी चालू केली. पण फायलींची नावं उडाली होती, आणि एकाऐवजी ढीगभर गाणी वर आली होती. "काका, पुसून टाकलेलंही कधीकधी परत येतं," ती म्हणाली. "तुम्हीच ऐकून ओळखा."

पहिल्या फाइलमध्ये काकू घसा खाकरून गायला लागल्या. दुसऱ्याच ओळीला आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "अगं, चहा टाकतेस ना?"

"आले हं." रेकॉर्डिंग बंद.

दुसरी फाइल. "अगं, माझा चष्मा कुठाय?"

"आले हं."

तिसरी. "अगं, दार वाजतंय!"

काकांचा चेहरा उतरला. शलाकाने माउसवर हात ठेवला. "बंद करू का?"

"नको."

पुढच्या फाइलमध्ये काकूंचा सूर छान लागला, चढत गेला, आणि मागून पुन्हा तोच आवाज आला, "अगं..."

काका स्पीकरवर झुकले.

"काही नाही गं," ते म्हणाले. "तू गा."