राहिलेलं ठिकाण

“तुझे सासरे परवा आमच्या कुलपाला किल्ली लावत होते गं,” वरच्या मजल्यावरच्या मालनकाकी म्हणाल्या, तेव्हा मी हसले. “सगळी दारं सारखीच आहेत ना, काकी!”

काल माझी गंधाली शाळेच्या प्रकल्पासाठी राज्यभर फिरून काढलेले फोटो आजोबांना दाखवत होती. आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवलेले बाबा कुठेच अडखळत नव्हते. “दौलताबादचा चांदमिनार. लोणारचं विवर. आणि हा सिंधुदुर्ग, महाराजांनी भर समुद्रात बांधलेला.”

शेवटचा फोटो आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गेटचा होता. प्रत्येक सहल तिथूनच तर निघाली होती.

“इथे जायचं राहिलंय गं आपलं,” बाबा म्हणाले. “पुढच्या सुट्टीत जाऊ.”

 

तुमच्याकडच्या आजोबांना किल्ले विचारू नका. आज घराचा पत्ता विचारा.