यंत्राने न पाहिलेली गाठ

रोगनिदान करणाऱ्या यंत्राने तिसऱ्यांदा 'निरोगी' असा निकाल दिला, तेव्हा डॉ. शर्वाणी बोंद्रेंनी टेबलावर हात आपटला. समोरच्या गुलाबबी तांबोळींच्या डाव्या बरगडीखाली सुजलेली प्लीहा हाताला स्पष्ट लागत होती.

"प्लीहेचा हा कर्करोग फार दुर्मीळ आहे. यंत्राने असे रुग्ण पुरेसे पाहिलेच नाहीत, म्हणून ते ओळखत नाही. आणि त्याने आजाराचं नाव सांगितल्याशिवाय मला ऑपरेशनची परवानगी नाही."

"मग मी मरायचं का, बाई?"

शर्वाणींनी चडफडत अर्जात खोटंच लिहिलं: जिन्यावरून पडल्या, प्लीहा फाटली. अपघातात फाटलेली प्लीहा यंत्राच्या ओळखीची होती; क्षणात परवानगी आली.

गाठीसकट प्लीहा काढली, गुलाबबी वाचल्या. पण यंत्राच्या नोंदीत तो अपघातच राहिला. पुढच्या रुग्णासाठी हा कर्करोग त्याला शिकवायची संधी शर्वाणींनी स्वतःच्या हाताने घालवली होती.