कुसाबाईचा आशीर्वाद

“मावशी, आला बघा! समाधानदादाच्या चौकीवरचा जोडीदार आला!”

प्रतिभानं द्राक्षाच्या पॅकहाउसच्या फाटकातूनच हाक घातली. कुसाबाईच्या हातातली सळई निखाऱ्यावर तशीच राहिली. पनीर काळं पडलं, कांद्याची कड करपली.

दिवाळीच्या सुट्टीवर आलेले जवान आणि गावातले माजी सैनिक, यांच्यासाठी पिंपळगावच्या तरुण पोरापोरींनी बार्बेक्यू ठेवला होता. प्रतिभा त्यांची म्होरकी. पाहुणे द्राक्षाच्या रिकाम्या क्रेट पालथ्या घालून बसले होते. छाटणीच्या वाळल्या काड्यांचा निखारा पडला होता. कुसाबाई दरसाल यायची, सळया भाजायची. वीरमातेच्या हातचं खायला मिळतं, म्हणून पोरं तिला सगळ्यात पुढच्या शेगडीपाशी उभी करायची.

“बार्बेक्यू म्हणे!” म्हातारे सुभेदार सळई उलटीपालटी करत म्हणाले. “बर्फात आम्ही हेच करायचो, तर त्याला भूक म्हणायचो. आणि तिखट कुठं हाय गं पोरी? ही काय दवाखान्यातली कोंबडी हाय?”

“सुभेदारकाका, बीपीची गोळी घेतली का सकाळी?” प्रतिभा म्हणाली.

सगळे हसले. कुसाबाई हसली नाही. तिचे डोळे फाटकावर होते.

तो जोडीदार, झीशान, मालेगावचा. सुट्टीवर आला होता. आत आला, सगळ्यांशी हात मिळवले, आणि कुसाबाईची नजर चुकवून कोपऱ्यातल्या क्रेटवर बसला. कुसाबाईच्या लेकाची, समाधानची शवपेटी गावात आली, तेव्हा बरोबर आलेल्या जवानांत तोही होता. त्या दिवशी त्यांच्या साहेबानं कुसाबाईला एकटीला घरात बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं. गोळी दुश्मनाची नव्हती. समाधाननं आपणच आपला जीव घेतला होता. साहेब बोलत होता तेव्हा झीशान दारात उभा होता, मान खाली घालून.

गावानं काही विचारलं नाही. गावाला शहीद हवा होता. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. कुसाबाईनं तोंडाला पदर लावला, तो लावलाच. नवरा कधीच गेलेला, लेक असा गेला. जवळ उरलं होतं ते फक्त लेकाचं नाव. आज झीशान माईकवर दोन शब्द बोलला, तर तेही जाणार होतं.

ती निखारा सारखा करू लागली. ओठांतल्या ओठांत ओवी आली, जात्यावर यायची तशी, न बोलावता.

निखाऱ्या माझ्या बंधू, राखेखाली निजून ऱ्हाय
पोटातलं गुज माझं, वाऱ्याला तू सांगू नाय

मग तिनं चांगली खरपूस सळई निवडली, ताटलीत घेतली, आणि कोपऱ्यात गेली.

“खा बाबा.”

“मावशी, तुम्ही बसा ना. मी घेतो.”

“बसते. आधी सांग. ही पोरगी तुला माईक देईल. काय सांगशील?”

झीशाननं तिच्या हातातली ताटली घेतली.

“तुम्ही म्हणाल तेच, मावशी. तुम्ही नको म्हणालात, तर कधीच नाही.”

“नको,” ती म्हणाली.

माईक आला. झीशान उभा राहिला. “समाधान आमच्यात सगळ्यात मायाळू होता. आपल्या ताटातली रोटी दुसऱ्याला द्यायचा. कुणाला घरची आठवण आली, की आम्ही त्याच्यापाशी जाऊन बसायचो. बस, एवढंच.”

“आणि लढला कसा, ते सांगा ना झीशानभाई!” प्रतिभा म्हणाली.

झीशाननं कुसाबाईकडं पाहिलं.

“लय लढला,” तो म्हणाला. “लय दिवस लढला, ताई.”

आवार टाळ्यांनी दणाणलं. सुभेदारांनी डोळे पुसले. डोक्यावरचा भरला हंडा कुणीतरी हलकेच उतरवून घ्यावा, तसं कुसाबाईला झालं. लेकाचं नाव राहिलं. तिनं शेगडीवरचा कांदा उचलला आणि तोंडात टाकला. आजच्या दिवसातला तिचा पहिला घास.

तेवढ्यात महेश पुढं आला. नुकतंच ट्रेनिंग संपवून आलेलं, शेजारच्या आळीतलं पोर. उद्या सीमेवर रुजू व्हायला निघायचं होतं. त्यानं कुसाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. प्रतिभानं धावत जाऊन माईक त्याच्या तोंडापाशी धरला.

“मावशी, एवढाच आशीर्वाद द्या,” महेश म्हणाला. “समाधानदादासारखं मरण येऊ दे मला.”

पुन्हा टाळ्या. शिट्ट्या. कुणीतरी ‘भारतमाता की’ म्हणालं, आणि सगळ्यांनी ‘जय’ म्हटलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत महेशची आईही होती.

कुसाबाईनं खाली पाहिलं. बारीक कापलेले केस, कोवळी मान. कानामागं काजळाची तीट होती. एवढ्या मोठ्या जवानाला आईनं सकाळी लावली असणार, लाजवत, दटावत, धरून ठेवून.

प्रतिभानं माईक आता तिच्यापुढं केला. कोपऱ्यातून झीशान मान हलवत होता. नको, मावशी, नको.

कुसाबाईनं पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

“माझा शहीद नाय झाला रे बाळा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज साऱ्या आवारात फिरला. “माझा थकला होता, अन् त्यानं कुणाला सांगितलं नाय. तू थकलास, तर पळून ये.”