बसलेली टाकी

आजही टाकी खालीच होती.

लडकूने साबणाचं पाणी घेतलं आणि गोबरगॅसच्या लोखंडी टाकीचा जोड न् जोड पुन्हा पुसून पाहिला. एक बुडबुडा येईल तर शपथ! रात्री गॅसने भरून वर आलेली टाकी सकाळी बघावी तर खड्ड्यात बसलेली. आठवडाभर हेच चाललं होतं.

कडावच्या वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावण्यात त्याची उमर गेली. ठेके बंद पडले, तसा तो गोबरगॅस बांधायला शिकला आणि पहिला आपल्याच गोठ्यामागे बांधला. आज योजनेचे सरकारी साहेब तपासणीला यायचे होते. टाकी भरलेली दिसली तर गावोगावची पुढची कामं त्याची, नाहीतर घरी बसणं. म्हणून घरातली नवी शेगडी त्याने अजून पेटवलीसुद्धा नव्हती.

आईला यातलं काही सांगण्यात अर्थ नव्हता. सोनाबाईने अख्ख्या आळीसमोर जाहीर केलं होतं, "शेनाच्या वाफेवर शिजल्यालं माज्या घशाखाली उतरायचं नाय." बोललेला शब्द मागे घेणारी ती बाई नव्हे. तरी लडकूचा तिच्यावर भारी जीव. हल्ली तिचा खोकला थांबला होता, याचंच त्याला सुख वाटे. आपण भट्टीचा धूर अंगावर घेऊन घरी येत नाही, त्याचा हा गुण, असं तो धरून चालला होता.

"आये, कोंबडी दिसत नाय ती?"

"सरपनावर खुडूक बसलीय. उठवू नको रं तिला."

साहेब आले. सोनाबाईने पदर सावरून आधी ताट पुढे केलं.

"पुरनपोळ्या हायेत. पोराच्या कामाकडं जरा मायेनं बगा."

साहेब पोटभर जेवले, मग गोठ्यामागे गेले. टाकी पाहून त्यांचा चेहरा पडला.

"गळतेय रे. असलं काम लोकांच्या दारात कसं द्यायचं?"

लडकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "उचकटून परत बांधतो, साहेब," म्हणत त्याने पहार उचलली.

सोनाबाईने ती मधेच धरली. सगळी आळी कुंपणाशी जमली होती. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"टाकी गळत नाय, साहेब. रोजच्या भाकरी पहाटे तिच्याच वाफेवर भाजते मी. अन् आजचं पुरनबी."