इथे डोळे तपासले जात नाहीत

जयलक्ष्मीबाई ऑटोतून उतरल्या आणि रघुरामच्या हातातला झेंडूचा हार पडता पडता राहिला.

आई दुकानात आली होती! चैत्रात दुकान उघडल्यापासून तो रोज बोलावत होता, पण तिचं आपलं काही ना काही निघेच. आज गुडघा, उद्या एकादशी, परवा ऊन. रघुरामनं त्याचा अर्थ केव्हाच लावून ठेवला होता. अप्पा, म्हणजे त्याचे दिवंगत वडील डॉक्टर राजगोपाल, ज्या खोलीत उभा जन्म लोकांचे डोळे तपासत बसले, तिथे मुलानं काफीचं दुकान थाटलं. आई कशाला पाऊल टाकेल? चार शब्द बोलली असती तरी बरं वाटलं असतं. ती काही बोलतच नव्हती, आणि तेच त्याला खात होतं.

आज आयुधपूजा, आपापली हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. अप्पांच्या सामानाला दरवर्षी गंध लागे ते तिच्याच हातचं. म्हणून आली असावी.

"आई, अप्पांचं सामान अस्कं तसंच ठेवलों आहे, पाहा," तो तमिळ मुलखातल्या त्यांच्या घरगुती मराठीत घाईघाईनं म्हणाला.

सामान सगळं होतं खरं, पण शोभेला लागलं होतं. भिंगांची मखमली पेटी काचेच्या कपाटात, वर पिवळा दिवा. भिंगं बदलून बदलून नंबर काढायची गोल फ्रेम एका लाकडी मुखवट्याच्या नाकावर. पितळी सूक्ष्मदर्शक गल्ल्यापाशी. येणारा-जाणारा त्याच्याबरोबर फोटो काढून घेई. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तेवढा वाळवीनं खाल्ला होता. त्या जागी रघुरामनं त्याच मापाचा नवा रंगवून घेतला होता, वरून खाली अक्षरं लहान लहान होत जाणारा.

त्याच्या बायकोनं, नित्यानं, सगळं काढून केळीच्या पानांवर ओळीनं मांडलं. शेवटी, जरा भीत भीतच, दुकानाचा काफी गाळायचा पितळी फिल्टरही ठेवला. सकाळचा अर्क अजून त्यात होता.

जयलक्ष्मीबाई पाटावर बसल्या. एकेक वस्तू घेऊन त्यांनी तिच्यावरून सावकाश बोटं फिरवली, मग गंध लावलं. मागोमाग नित्या कुंकू लावत गेली. सासूबाईंची केवढी ही माया, असं तिला वाटलं. ओळ संपत आली. फिल्टरपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी फिल्टरवरूनही बोटं फिरवली आणि चांगला ठसठशीत टिळा लावला.

रघुरामचे डोळे भरून आले. भरून पावलो, असं त्याला झालं.

पूजा झाली. मुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद घ्यायला शेजारचे दुकानदार जमले. त्यातले कापडवाले सुंदरेश मोठे गमत्ये. भिंतीकडे बोट दाखवून ते तमिळमध्ये म्हणाले, "मामी, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या घरच्या तुम्ही. तक्ता वाचून दाखवा बघू!"

जयलक्ष्मीबाईंनी मान वर केली. "ट," त्या म्हणाल्या. "प, म. क, र, ट." कुठेही न अडखळता त्या खाली खाली गेल्या, अगदी तळच्या ओळीपर्यंत.

सुंदरेश हसता हसता थांबले.

नव्या तक्त्यावर सगळ्यात वर भलं मोठं 'काफी' होतं. त्याखाली सुंठीची सुक्कु काफी, मग बदाम दूध, मग आप्प्यांसारखे पणियारम. आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, गिऱ्हाइकांना हसवायला लिहिलेली ओळ: इथे डोळे तपासले जात नाहीत.

आई जुना तक्ता म्हणत होती. घर इथेच होतं तेव्हा भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता पेशंटांच्या तोंडून हजारदा ऐकलेला.

रघुराम तिच्यासमोर बसला. गुडघा, एकादशी, ऊन. तिला रस्ताच दिसत नव्हता, आणि आपण मात्र तिचा राग मोजत बसलो. त्याला स्वतःची लाज वाटली.

"आई, कधीपासून असं? सांगिटली का नाहीस?"

"काय सांगूं रे? ह्या डोळ्यांत तुझ्या अप्पांविना कोण्ही पाहिलं नाही. दुसऱ्याकडे जायास मन होईना."

"उद्या मी बरोबर येतों. सरी म्हण."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. "सरी," म्हणाल्या.

रघुरामला हायसं वाटलं. पण लगेच दुसरंच मनात आलं. आई तर नुसती चाचपत होती. ओळीत फिल्टर आला, त्यालाही गंध लागलं, एवढंच. आपणच उगीच आशीर्वाद समजून बसलो. त्याला राहवेना.

"आई, शेवटास गंध लावलीस, तें काय होतं, ठाऊक आहे का तुला?"

जयलक्ष्मीबाई खुदकन हसल्या.

"डोळे गेले रे, नाक आहे की! अप्पांच्या सामानास काफीचा वास कधी येत होता? तीं त्यांचीं आयुधं. हें तुझं."